मायक्रोकर्नल: शब्दाचा घोळ आणि १९९२चा वाद

कर्नल म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यात मोजकीच कामं ठेवून बाकीची बाहेर काढली, की तो मायक्रोकर्नल. तो कसा, या प्रश्नाला कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत आजही उत्तर ठरलेलं असतं: दिसायला सुंदर, चालायला संथ. हे उत्तर तीस वर्षं जुनं झालंय.

घोळ 'मायक्रो' या शब्दापासून सुरू होतो. तो आकाराबद्दल नाही, जबाबदारीबद्दल आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत वाढलेल्यांना हे पटकन कळेल. एका लांब शाफ्टवर पट्टे लावून सगळे लेथ फिरवले, तर शाफ्ट थांबला की सगळंच बंद. प्रत्येक लेथला स्वतःची मोटार दिली, तर एक बिघडला तरी बाकीचे चालू. फाइल सिस्टिम, ड्रायव्हर वगैरे कर्नलबाहेर काढण्यामागे हाच विचार आहे; मग हे भाग एकमेकांशी निरोप पाठवून बोलतात. पण १९८० च्या दशकात गाजलेल्या 'माक' या मायक्रोकर्नलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा बराच भाग कर्नलमध्येच होता. आजच्या मॅकओएसमध्येही माक आणि बीएसडी (युनिक्सची एक शाखा) एकाच कर्नलमध्ये नांदतात. त्याला 'हायब्रिड' (मिश्र) म्हटल्याने काहीच उलगडत नाही.

जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्स ही मायक्रोकर्नलवरची प्रणाली लिहिणाऱ्या प्राध्यापकाने लिनक्स या नव्या प्रणालीला कालबाह्य ठरवलं. लिनक्ससारखी मोनोलिथिक रचना (सगळं एकाच कर्नलमध्ये) म्हणजे १९७० च्या दशकात परत जाणं, असा त्याचा आक्षेप होता. लिनक्सकर्त्या विद्यार्थ्याने त्याच वादात मायक्रोकर्नल अधिक चांगला हे मान्य केलं होतं, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं. पुढे लिनक्स जिंकला तो मोफत आणि हाताशी होता म्हणून. मिनिक्सला मुक्त परवाना मिळायला २००० साल उजाडलं. १९९० मध्ये सुरू झालेला हर्ड हा मायक्रोकर्नलवरचा मुक्त प्रकल्प तयारच नव्हता. म्हणजे हा निकाल परवान्याचा आणि वेळेचा होता. रचनेच्या नावावर तो खपवणं मला चूक वाटतं.

संथपणाचा आरोप मात्र खरा होता, पण तो माकवर. १९९३ मध्ये एका जर्मन संशोधकाने आपल्या मायक्रोकर्नलमध्ये निरोपांची देवाणघेवाण माकपेक्षा वीसपटीहून वेगवान करून दाखवली. त्याच घराण्यातल्या एसईएल४ या मायक्रोकर्नलची अचूकता २००९ मध्ये गणिताने सिद्ध झाली. सी भाषेतल्या जेमतेम ८,७०० ओळी! २०१७ मध्ये तर इंटेलच्या चिपांमध्ये मिनिक्सच सापडला.

प्लॅन ९ ही बाजारात हरलेली आणखी एक प्रणाली. १९९२ मध्ये तिच्यासाठीच यूटीएफ-८ ही जगभरच्या लिपींतली अक्षरं बाइट्समध्ये साठवण्याची पद्धत आखली गेली. 'कोल्हापूर' हा शब्द आज कोणत्याही फोनवर त्याच पद्धतीने २७ बाइट्समध्ये पोचतो.