क्यूदो आणि झेन: एका नात्याची पार्श्वभूमी

जपानी धनुर्विद्या, म्हणजे क्यूदो, आपल्याकडे बहुतेकांना 'झेन धनुर्विद्या' म्हणूनच ठाऊक असते. झेन या बौद्ध पंथाच्या मठांमधून पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही ध्यानसाधना असावी, असा समज त्यातून होतो. इतिहास मात्र वेगळा आहे, आणि शिकणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा.

धनुष्य हे सामुराईंचे लढाईचे हत्यार होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेकी दांजो या धनुर्धराच्या नावाने सुरू झालेल्या परंपरेची मागणी सरळ होती: बाण वेगाने जावा, भेदून जावा, नेमका लागावा. 1543 मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदुका आल्या आणि पुढच्या काही दशकांत धनुष्य रणांगणावर मागे पडले. तरी ईर्षा टिकली. क्योतोच्या सांजुसांगेन्दो मंदिराची ओसरी सुमारे 120 मीटर लांब आहे. वर छत असल्याने बाण उंच मारून अंतर कापता येत नाही. तो सपाट आणि जोरातच जावा लागतो. 1686 मध्ये वासा दाइहाचिरोने तिथे एका अहोरात्रात 13,053 बाण सोडले, पैकी 8,133 पलीकडच्या टोकाला पोचले. मिनिटाला सरासरी नऊ बाण! त्या काळच्या धनुर्धराचे मोठेपण असे मोजले जाई.

आजचे वळण मेइजी काळात (1868–1912) लागले. होन्दा तोशिझाने यांनी युद्धशैली आणि दरबारी शिष्टाचाराची शैली यांचा मेळ घातला आणि धनुष्य समोरून डोक्यावर उचलण्याची पद्धत तोक्योच्या विद्यापीठातून पसरवली. त्यांचे शिष्य आवा केन्झो सेंदाइ शहरात शिकवत. बाणाच्या अचूक नेमापेक्षा आत्मशोध मोठा, असा त्यांचा आग्रह. 1924 ते 1929 या काळात तिथल्या विद्यापीठात असलेले जर्मन तत्त्वज्ञ ओइगेन हेरिगेल त्यांच्याकडे दुभाष्यामार्फत शिकले. झेनची ओढ हेरिगेल स्वतःच घेऊन आले होते. 1948 च्या त्यांच्या छोट्या पुस्तकाने 'झेन धनुर्विद्या' जगभर नेली. आवांनी कोणा झेन गुरूकडे रीतसर साधना केली नव्हती, हे यामादा शोजी या अभ्यासकाने 2001 मध्ये साधार मांडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर 1949 मध्ये क्यूदोचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. त्याच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच येतो तो चिनी 'विधिग्रंथा'तला धनुर्विद्येवरचा कन्फ्यूशियन उतारा. दोजोच्या, म्हणजे सरावगृहाच्या, भिंतीवर बहुधा शिंतो देव्हारा असतो. कामाकुराच्या एन्गाकुजी या झेन मठात आज धनुष्य चालते हे खरे, पण तो प्रवाहातला एकच ओहोळ आहे.

मग एकाग्रता येते कुठून? आमच्या मते ती तंत्रातच आहे. धनुष्य सुमारे 221 सेंटिमीटरचे, मूठ खालून साधारण एक तृतीयांशावर. लक्ष्य 28 मीटरवर, 36 सेंटिमीटर व्यासाचे. बाण सोडण्याच्या आठ टप्प्यांपैकी सहावा 'काई': बाण पूर्ण ओढलेला, गालाला टेकलेला. इथे थांबायचे काही सेकंद, पण ताण वर-खाली आणि डावी-उजवीकडे वाढतच ठेवायचा. वाढ थांबली की बाण पुढे सरकतो, हात थरथरतो. छाती उघडता उघडता दोरी सुटली पाहिजे. उजवी बोटे मुद्दाम उघडली तर बाण वाकडा जातो; डाव्या मुठीने धनुष्य आवळले तर बाण सुटल्यावर ते मुठीत फिरत नाही आणि दोरी हातावर बसते.

सर्वांत चिवट दोष 'हायाके': काईपर्यंत पोचण्याआधीच, लक्ष्य नजरेत येताच बाण सुटतो. माणसाला ठरवूनही थांबता येत नाही. मन बाण लागण्याच्या विचारात अडकले, की हे होते. धनुष्य झेपत नसले तरी होते. उलट 'मोतारे'त बाण सुटतच नाही. हायाकेवर उपाय म्हणजे हलके धनुष्य घेऊन माकिवारासमोर, म्हणजे गवताच्या घट्ट गठ्ठ्यासमोर, धनुष्यभर अंतरावर परतणे. तिथे चुकण्याची भीती नसते, त्यामुळे फक्त काईची लांबी पाहता येते. ती स्थिर झाल्यावरच 28 मीटरच्या रेषेवर जावे, आणि दोष परतला तर पुन्हा माकिवाराकडे.