हळदीचे चॉकलेट आणि ३४ अंश सेल्सियस

गेल्या हिवाळ्यात सांगलीत आमच्या घरी पुतणीने स्वतः तयार केलेल्या चॉकलेटांची चव पाहण्यासाठी सात-आठ जणांना बोलावले होते. ताटात सहा प्रकारच्या वड्या होत्या. पांढऱ्या चॉकलेटमध्ये हळद आणि काळी मिरी, डार्क चॉकलेटमध्ये तासगावकडचे बेदाणे, दुधाच्या चॉकलेटमध्ये भडंग, एका वडीच्या पोटात साताऱ्याचा कंदी पेढा, एकीत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची वाळवून केलेली पूड आणि शेवटच्या वडीत लवंगी मिरची. पाहुण्यांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी वडी तोंडात टाकण्यापूर्वीच सर्वांना सूचना केली की गोड चव जिभेच्या टोकाला कळते आणि कडू मुळाशी, तेव्हा पांढरे चॉकलेट टोकावर ठेवावे आणि डार्क मागे ढकलावे. दोघा-तिघांनी ते मनावर घेतले आणि डार्क चॉकलेट मागे ढकलण्याच्या नादात एकाला ठसका लागला.

जिभेचा हा नकाशा आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या वहीत काढलेला आहे आणि तो चुकीचा आहे. १९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेने फिरत मोजमापे घेतली, तेव्हा निरनिराळ्या चवींची संवेदनक्षमता जागोजागी किंचित कमी-अधिक आढळली. १९४२ साली अमेरिकेतील एडविन बोरिंग यांच्या ग्रंथात ही मोजमापे अशा रीतीने आली की त्यातला ‘किंचित’ वाचकांच्या लक्षातून गेला आणि पुढे पाठ्यपुस्तकांत गोड, खारट, आंबट, कडू अशी जिभेची वतने वाटली गेली. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा हे फरक व्यवहारात नगण्य ठरले. चव ओळखणाऱ्या रुचिकलिका जेथे जेथे आहेत, तेथे सर्व मूळ चवी कळतात.

तथापि माझा आक्षेप नकाशापुरता नाही. हळद, बेदाणा किंवा भाजलेला खवा यांची म्हणून आपण जी ओळख सांगतो, ती जिभेवर तयारच होत नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. यांपैकी उमामीची, म्हणजे मांसाच्या रश्श्यात जाणवणाऱ्या रसदार चवीची ओळख जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली पटवून दिली. आपल्या षड्रसांत उमामी नाही, मात्र तिखट आणि तुरट आहेत. आजचे शरीरशास्त्र या दोन्ही संवेदनांना रुचिकलिकांच्या बाहेर ठेवते, कारण तिखटपणा वेदना आणि उष्णता जाणणाऱ्या चेतातंतूंचा विषय आहे आणि तुरटपणा मुख्यतः लाळेतील प्रथिने टॅनिनला चिकटल्यामुळे तोंडाला जाणवणारा कोरडा खरखरीतपणा आहे. बाकी सर्व काम नाकाचे. येथे नाक म्हणजे हुंगण्याचे पुढचे दार नव्हे; घास चावताना आणि गिळताना घशातून वर चढणारी हवा मागच्या बाजूने, जणू परसदाराने, नाकाच्या छतावरील गंधपेशींपर्यंत पोहोचते. तेथे माणसामध्ये सुमारे ४०० प्रकारची गंधग्राही प्रथिने कार्यरत असतात. या प्रथिनांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि २००४ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

याची परीक्षा आम्ही ताबडतोब घेतली. डोळे मिटून, नाक चिमटीत धरून हळदीची वडी तोंडात ठेवायला सांगितले, तेव्हा सर्वांनी ‘गोड आणि दुधट’ एवढेच उत्तर दिले. चिमूट सोडताच एका श्वासात हळद आली. मिरचीच्या वडीवर मात्र नाक बंद करण्याचा काहीही परिणाम झाला नाही आणि सर्वांच्या डोळ्यांत यथावकाश पाणी आले. पुतणीने तेव्हा विचारलेला प्रश्न पाहुण्यांच्या सूचनेपेक्षा कितीतरी चांगला होता. ती म्हणाली, “काका, नाक उघडे असतानाही हळद लगेच का येत नाही? आधी नुसते गोड लागते, मग दूध, आणि हळद अगदी शेवटी.”

याचे उत्तर कोकोच्या लोण्यात आहे, आणि या पदार्थावर माझा इतका जीव आहे की वाचकांनी पुढील दोन-तीन परिच्छेद थोडे सोसून घ्यावेत.

कोकोचे लोणी म्हणजे कोकोच्या बियांतील मेद. कोणत्याही तेलातुपाप्रमाणे तेही प्रामुख्याने ट्रायग्लिसराइडचे बनलेले असते, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. शेंगदाण्याच्या तेलात या साखळ्यांची सरमिसळ इतकी असते की रेणूंना एकमेकांवर नीट रचताच येत नाही आणि तेल सांगलीच्या थंडीतही पातळ राहते. कोकोच्या लोण्यात मात्र तीनच मांडण्यांचे रेणू बहुसंख्य असतात. त्यांच्या मध्यभागी वाकडी ओलेइक आम्लाची साखळी असते आणि दोन्ही टोकांना पामिटिक किंवा स्टिअरिक आम्लाच्या सरळ साखळ्या असतात. मार्केट यार्डात एकाच मापाची पोती आली तर हमाल उंच आणि घट्ट थप्पी रचतात, लहानमोठी पोती आली तर थप्पी ढासळते. कोकोच्या लोण्याची पोती जवळजवळ एकाच मापाची आहेत. त्यामुळे ते सामान्य तापमानाला टणक राहते आणि वितळू लागले की काही अंशांच्या आत सगळेच्या सगळे वितळते.

गंमत अशी की हीच पोती सहा निरनिराळ्या प्रकारांनी रचता येतात. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापासून या सहा स्फटिकरूपांना एक ते सहा असे क्रमांक देण्याची पद्धत आहे. पहिले रूप सुमारे १७ अंश सेल्सियसला वितळते, चौथे २७ अंशांच्या आसपास, पाचवे सुमारे ३४ अंशांना आणि सहावे ३६ अंशांना. पहिली चार रूपे सैल रचणीची असल्याने त्यांचे चॉकलेट मऊ, निस्तेज आणि बोटाला चिकटणारे होते. सहावे रूप सर्वांत स्थिर खरे, पण वितळलेल्या चॉकलेटपासून ते सहसा थेट तयार होत नाही; दीर्घकाळ साठवणीत पाचव्याचे हळूहळू सहाव्यात रूपांतर होते. आपल्याला हवे असते ते पाचवे. हवेत ते टणक आणि चकचकीत राहते, मोडताना टणत्कार करते, आणि ३५ ते ३७ अंशांच्या तोंडात शिरताच शरण येते. वितळण्यासाठी लागणारी उष्णता, म्हणजे अप्रकट उष्मा, ते जिभेकडूनच घेते, म्हणून चांगल्या चॉकलेटचा पहिला स्पर्श किंचित गार वाटतो.

हे पाचवे रूप मिळवण्याची कृती म्हणजे टेम्परिंग. चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून आधीची सर्व रचणी मोडायची, ढवळत ढवळत सुमारे २७ अंशांपर्यंत थंड करून चौथ्या आणि पाचव्या रूपांची बीजे पडू द्यायची, आणि पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत किंचित तापवून चौथ्या रूपाची बीजे तेवढी वितळवून टाकायची. उरलेल्या पाचव्या रूपाच्या बीजांवर बाकीचे लोणी त्याच पद्धतीने रचले जाते. (दुधाच्या चॉकलेटला दोनएक अंश कमी लागतात, कारण दुधातील मेद या रचणीत लुडबुड करतो.) घरगुती व्यवसायांत पुष्कळदा वापरले जाणारे ‘कंपाउंड’ या कटकटीतून सुटका करते, कारण त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरा वनस्पतिजन्य मेद असतो, पण तो तोंडात पूर्णपणे वितळत नाही आणि टाळ्याला मेणाचा थर दिल्यासारखे वाटते. पुतणीनेही सुरुवात त्यानेच केली होती. त्या वेळच्या हळदीच्या वड्या मी खाल्ल्या आहेत आणि त्यांत रंगाशिवाय हळद कोठेही नव्हती.

येथे पुतणीच्या प्रश्नाकडे परत येता येते. गंध देणारे बहुतेक रेणू पाण्यापेक्षा मेदात अधिक सहज विरघळतात. लोणी घन असेपर्यंत ते त्यात कोंडलेले असतात. साखर पाण्यात विरघळणारी असल्याने वडीच्या पृष्ठभागावरील कण लाळेला भिडताच गोडी लागते. मग लोणी वितळते, जिभेच्या हालचालींनी लाळेत घुसळले जाते, त्याचे सूक्ष्म थेंब होतात, आणि त्या थेंबांच्या वाढलेल्या पृष्ठफळातून गंधरेणू आधी लाळेत आणि मग हवेत निसटतात. कोण आधी निसटणार हे रेणूच्या वजनावर आणि त्याला मेदाची किती ओढ आहे यावर ठरते. स्ट्रॉबेरीच्या फळगंधातील एस्टर हलके आणि चटकन उडणारे, म्हणून ती वडी तोंडात जाताच बोलू लागते. हळदीच्या गंधाचे मुख्य घटक टर्मेरोन नावाचे, १५ कार्बन अणूंचे आणि मेदात रमणारे असल्याने बाकीचे पुढे गेल्यावर सावकाश येतात. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याच्या जमिनीखालील पेवांजवळ जे वाढले, त्यांना हा वास दुरूनही ओळखता येतो. पण पेवाच्या तोंडाशी तो टनावारी हळदीचा असे आणि वडीत चिमूटभर हळदीचा.

मिरचीचा उशीर वेगळ्या कारणाने होतो. मिरचीला तिखट करणारे कॅप्सायसिन जवळजवळ उडतच नाही, म्हणून त्याला गंध नाही आणि नाक दाबून काही साधत नाही. ते मेदातून बाहेर पडून, जिभेच्या त्वचेच्या आत शिरून चेतातंतूंवरील टीआरपीव्ही१ या ग्राही प्रथिनापर्यंत पोहोचावे लागते. हाच ग्राही ४३ अंशांपेक्षा अधिक उष्णतेनेही उघडतो, म्हणून मेंदूला तोंड भाजल्याची बातमी जाते. तो १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखला आणि २०२१ सालच्या नोबेल पुरस्कारात त्या शोधाचा वाटा होता. चॉकलेटमधील मेद कॅप्सायसिनला काही काळ धरून ठेवतो, त्यामुळे लवंगी मिरची दबा धरून बसते आणि आपण दुसरी वडी उचलल्यानंतर पहिलीचा जाळ सुरू होतो. त्यावर पाणी पिणे व्यर्थ आहे, ताक किंवा दूध घ्यावे.

भडंगाची वडी सर्वांत आधी संपली. त्यातील मीठ हे एक कारण मला पटते, कारण मिठातील सोडियम कडूपणाची जाणीव दाबते आणि तो दबला की गोडी आपोआप वर येते. ब्रेस्लिन आणि बोशाँ यांनी १९९७ साली हे प्रयोगाने दाखवले. दुसरे कारण शेंगदाण्यांचे. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, नंतर भाजताना अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात लुई कामिय मायार यांनी १९१२ साली वर्णन केलेली अभिक्रिया होते आणि पायराझिन नावाची भाजकट वासाची संयुगे तयार होतात. शेंगदाणे भाजतानाही पायराझिने तयार होतात. कंदी पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत परततात, तेव्हा कढईत दुधातील शर्करा आणि प्रथिने यांच्यात तीच मायार अभिक्रिया चालू असते, त्यामुळे पेढा आणि डार्क चॉकलेट ही जोडी विचित्र वाटली तरी दोघांचे गोत्र एकच निघते.

समान गोत्राच्या पदार्थांची जोडी जमते, असा सिद्धांतच काही वर्षांपूर्वी बोलबाल्याचा झाला होता. इंग्लंडमधील शेफ हेस्टन ब्लूमेंथल यांनी पांढरे चॉकलेट आणि माशांची अंडी एकत्र वाढली, त्याचे स्पष्टीकरण दोहोंतील समान संयुगांनी दिले गेले. २०११ साली संशोधक बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी ५६ हजारांहून अधिक पाककृती तपासल्या, तेव्हा पाश्चात्त्य पाककृतींत समान गंधसंयुगांचे पदार्थ एकत्र येण्याचा कल दिसला आणि पूर्व आशियात उलटा. २०१५ साली जोधपूरच्या आयआयटीतील गणेश बागलर आणि सहकाऱ्यांनी २५४३ भारतीय पाककृतींवर तीच मोजणी केली. आपल्याकडे कल ठळकपणे उलटा निघाला, म्हणजे गोत्र भिन्न असेल तरच सोयरीक, आणि या वेगळेपणात सर्वांत मोठा हात मसाल्यांचा होता. तेव्हा पेढ्याची वडी पाश्चात्त्य नियमाने जमली आणि हळदीची आपल्या नियमाने, असे म्हणावे लागेल. मला स्वतःला हा सिद्धांत अर्धवट वाटतो, कारण समान संयुगांची यादी करताना ती कोणत्या क्रमाने नाकापर्यंत पोहोचतात हे कोणी विचारात घेत नाही. बेदाण्याच्या वडीत समान काय आणि भिन्न काय हे शोधत बसण्यापेक्षा, चॉकलेट वितळून संपल्यानंतरही बेदाणा चावायचा शिल्लक राहतो आणि त्याची आंबटगोड चव डार्क चॉकलेटचा तुरटपणा पुसते, हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटते.

हळदीच्या वडीविषयी एक गोष्ट बजावणे भाग आहे. पाहुण्यांपैकी एका बाईंनी पुतणीला डबीवर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’ असे छापण्याचा सल्ला दिला आणि मिरीमुळे हळदीचा गुण वीसपट होतो हेही सांगितले. हा वीसपटीचा आकडा १९९८ सालच्या एका लहान अभ्यासातून आलेला आहे, त्यात स्वयंसेवकांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन, म्हणजे हळदीतील पिवळे द्रव्य, दिले होते, आणि वीसपट वाढले ते रक्तात पोहोचणाऱ्या कर्क्युमिनचे प्रमाण, कोणताही गुण नव्हे. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरले तर २ ग्रॅमसाठी ६५ ग्रॅमहून अधिक हळद लागेल. तेवढी हळद घातलेली वडी खाण्याची प्रतिकारशक्ती ज्याच्यात आहे, त्याला आणखी कशाची गरज नसावी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिला डबीवर तेवढी ओळख पुरे.

एप्रिलमध्ये, पारा ४० अंशांवर गेलेला असताना, कपाटात विसरलेला एक डबा सापडला. वड्यांवर पांढरट थर आला होता आणि घरातल्यांनी बुरशी समजून तो टाकायला काढला. ती बुरशी नव्हती. दुपारी वितळलेले लोणी रात्री टेम्परिंगशिवाय गोठले होते, सैल रूपांचे स्फटिक सावकाश बदलताना मेद पृष्ठभागावर येऊन साचला होता. मी मिरचीची वडी खाऊन पाहिली. मोडताना टणत्कार झाला नाही, दातांखाली तिचा थेट भुगा झाला, आणि डिसेंबरात दुसऱ्या वडीपर्यंत वाट पाहायला लावणारी मिरची या वेळी पहिल्याच घासाला लागली.