उतारावरची उष्णता : कसारा घाट आणि अवजड वाहनांच्या ब्रेकची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातला कांदा आणि द्राक्षे न्हावाशेवा बंदराकडे निघतात तेव्हा मालाने भरलेली गाडी सह्याद्री उतरत असते. घाटमाथ्यावरची इगतपुरी आणि पायथ्याचे कसारा यांच्या उंचीत सुमारे 300 मीटरचा फरक आहे. तीन एक्सलच्या ट्रकला 2018 पर्यंत एकूण 25 टन वजनाची परवानगी होती, ती त्या वर्षी 28.5 टनांपर्यंत वाढवण्यात आली. एवढ्या वजनाचा ट्रक हा घाट उतरतो तेव्हा साधारण 84 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे 30 अंशांचे सुमारे पावणेतीनशे लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. तिचा काही भाग हवेचा आणि टायरचा विरोध खातो, काही इंजिन खाते आणि उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात, उष्णता होऊन साठते. ही उष्णता ठेवायची कुठे, हाच अवजड वाहनांच्या ब्रेकच्या इतिहासातला मूळ प्रश्न आहे.

या घाटाने तो प्रश्न ट्रकच्या आधी रेल्वेला घातला. 1865 मध्ये इगतपुरीपर्यंत लोहमार्ग सुरू झाला तो 37 फुटांना 1 फूट अशा चढाचा होता, आणि उतरताना ताब्यात न राहिलेली गाडी बाजूच्या मार्गावर वळवून थांबवण्यासाठी तेथे कॅच सायडिंग ठेवावी लागली. पुढे डोंगरी महामार्गांवर खडीने भरलेले रॅम्प आले, त्यांच्यामागची कल्पना हीच आहे.

ट्रकच्या एअर ब्रेकचा जन्मही रेल्वेतच झाला. अमेरिकन संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1869 मध्ये एअर ब्रेकचे, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे, पेटंट घेतले. त्या पहिल्या रचनेत हवेचा दाब ब्रेक लावत असे, त्यामुळे पाइप फुटला की ब्रेकच नाहीसा होई. 1872 मध्ये त्यांनी ही रचना उलटी केली आणि दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला व दाब गेला की लागलेला, अशी व्यवस्था केली. बिघाड झाल्यास गाडी थांबावी, सुटू नये, हे तत्त्व विसाव्या शतकाच्या मध्यास ट्रकमध्ये स्प्रिंग ब्रेकच्या रूपाने आले. मागच्या चाकांच्या ब्रेक चेंबरमध्ये (हवेच्या दाबाने ब्रेकचा दांडा ढकलणाऱ्या डब्यात) एक जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तिला हवा मागे रोखून धरते. टाकीतला दाब नेहमी 7 ते 8 बार असतो, तो 4 ते 5 बारच्या खाली उतरू लागला की स्प्रिंग पुढे सरकते आणि चाके आवळली जातात.

हा शोध मोलाचा आहे, पण त्याने आगीचे एक नवे कारणही निर्माण केले, आणि माझ्या मते आपल्याकडे त्याची चर्चा फारच कमी होते. एखादा पाइप झिरपत असेल किंवा हँडब्रेकचा व्हॉल्व्ह पूर्ण सुटला नसेल, तर स्प्रिंग पूर्ण मागेही जात नाही आणि पूर्ण पुढेही येत नाही. एका चाकाचे लायनर, म्हणजे ब्रेकचे घर्षणाचे अस्तर, ड्रमला घासत राहते. इंजिनाला ताकद मुबलक असल्यामुळे ड्रायव्हरला ओढ जाणवत नाही, आणि सपाट रस्त्यावर, ब्रेकला पाय न लावता, ते चाक तापत जाते. हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्यभागातले, ग्रीस वितळते, ऑइल सील जळते, ग्रीस तापलेल्या ड्रमवर येऊन पेट घेते आणि मग टायर पेटतो. ब्रेकच्या आगी केवळ घाटात लागतात, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

घाटातला बिघाड वेगळ्या वाटेने होतो. ड्रम ब्रेक 1902 मध्ये फ्रेंच मोटार उत्पादक लुई रेनो यांनी रूढ केला आणि आपल्याकडच्या अवजड वाहनांत अजून तोच प्रामुख्याने दिसतो. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे आतल्या शूपासून (लायनर बसवलेल्या कमानीपासून) दूर जातो. शूला जास्त अंतर कापावे लागते, त्यातच तापलेल्या लायनरची पकडही घटते, आणि ड्रायव्हर पेडल अधिक जोराने दाबतो तसा ताप आणखी वाढतो. शू आणि ड्रममधले अंतर जुळवणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर आधीच ढिला असेल तर चेंबरचा दांडा आपल्या टोकाला पोहोचतो आणि पुढे दाबायला काही उरत नाही. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅडजस्टरवर मेकॅनिक पान्याने बोल्ट घट्ट आवळतो, मग थोडा उलटा फिरवतो आणि चाक हाताने फिरते का ते पाहतो. हे पाच मिनिटांचे काम एका चाकावर नीट झाले आणि दुसऱ्यावर राहिले, तर नीट झालेलेच चाक जास्त ओझे घेऊन तापते, हा त्यातला विरोधाभास आहे.

उष्णता ब्रेकमध्ये साठूच द्यायची नाही, हा विचार अमेरिकन डिझेल इंजिन उत्पादक क्लेसी कमिन्स यांना 1931 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅहोन घाटाने शिकवला. उतारावर त्यांच्या डिझेल ट्रकचे ब्रेक निकामी झाले आणि पायथ्याच्या फाटकावर मालगाडीशी होणारी टक्कर थोडक्यात टळली. पुढे त्यांनी इंजिनालाच हवा दाबणारा पंप बनवणारा इंजिन ब्रेक तयार केला, जो 1961 पासून बाजारात आला. आपल्याकडच्या ट्रकमध्ये त्याहून साधा एक्झॉस्ट ब्रेक आढळतो, ज्यात धुराच्या नळीतली झडप बंद करून इंजिनाला अडवले जाते. दोन्हींसाठी गाडी गिअरमध्ये असावी लागते. डिझेल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करून सोडणारा ड्रायव्हर ही सगळी मदत नाकारतो आणि 84 मेगाज्यूलमधला इंजिनाचा वाटाही ड्रमवर टाकतो. त्याने इंजिनही बंद केले तर कॉम्प्रेसर थांबतो आणि प्रत्येक दाबागणिक टाकीतली हवा उतरत जाते.

प्रतिबंधाचे जुने नियम याच कारणांतून आले आहेत. घाट उतरायला सुरुवात होण्यापूर्वीच, म्हणजे घाटमाथ्यावरच्या घाटनदेवी मंदिराच्या अलीकडेच, खालचा गिअर टाकावा, कारण वेग वाढल्यावर तो पडत नाही. ब्रेक सतत हलका धरून ठेवू नये, थोडा जोराने दाबून वेग उतरवावा आणि सोडून द्यावा. थांब्यावर अनुभवी क्लीनर प्रत्येक हबजवळ तळहाताची मागची बाजू नेतो, स्पर्श करत नाही. सगळी चाके सारखीच गरम असतील तर तो चहाला जातो, एखादेच वेगळे तापले असेल तर मालकाला फोन करतो.

या पाहणीनंतरही गाडी लगेच सोडून जाऊ नये. चालती गाडी वाऱ्याने थंड होत असते. थांबल्यावर ड्रमची उष्णता हळूहळू रिमपर्यंत आणि टायरच्या कडेपर्यंत पोहोचते, त्यामुळे आग ढाब्यावर उभ्या गाडीलाही लागते. पावडरचे अग्निशामक ज्वाला विझवते, पण रबर थंड करत नाही, म्हणून विझलेला टायर पुन्हा पेटू शकतो आणि त्याला भरपूर पाणी लागते. टायर फुटण्याचा धोका असल्याने त्याच्या बाजूच्या भिंतीसमोर उभे राहू नये. इगतपुरीजवळच्या सुमारे 8 किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यासह समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. बोगद्यात अशी आग लागली तर धुराला वर जायला आकाश नसते, त्यामुळे हबची ती पाहणी बोगद्याच्या तोंडाआधीच व्हायला हवी.