मानवी प्रतिकार पेशींचे स्थलांतर : प्राणी-प्रारूपांतील अभ्यास

रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून जखमेपाशी, ऊतींत किंवा लसीका (लिंफ) ग्रंथींत कशा पोहोचतात, हे मानवी पेशी जिवंत प्राण्याच्या शरीरात सोडून अभ्यासण्याची पद्धती. पायात काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते; त्या गाठीत अशाच पेशींची गर्दी झालेली असते. माणसाच्या शरीरात एकेका पेशीची वाटचाल न्याहाळणे फार अवघड असते, म्हणून प्राण्यांचा आधार घ्यावा लागतो.

आद्य निरीक्षण : पांढऱ्या पेशी वाहिनीबाहेर पडतात या शोधाचा मान कोणाला द्यावा, याविषयी एकमत नाही. रक्तातील गोलिका वाहिनीबाहेर जाऊन ऊतीत थबकतात, असे वर्णन फ्रेंच संशोधक आंरी द्युत्रोशे यांनी १८२४ मध्ये केले होते. मात्र त्यांना दिसलेल्या गोलिका पांढऱ्या पेशीच होत्या, असे त्या काळच्या सूक्ष्मदर्शकांचा विचार करता ठामपणे म्हणणे कठीण आहे. ऑगस्टस वॉलर यांनी १८४६ मध्ये बेडकाच्या जिभेत हीच घटना पाहिली, पण तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पू जागच्या ऊतीतील पेशींपासूनच तयार होतो, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांचे मत तेव्हा प्रबळ होते. त्यांचेच साहाय्यक यूलिउस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये ते खोडून काढले. बेडकाच्या शरीरात अ‍ॅनिलीन निळा रंग टोचून त्यांनी रक्तातील पेशींवर खूण केली आणि त्याच रंगीत पेशी डोळ्याच्या दाह झालेल्या स्वच्छपटलात (कॉर्निया) सापडल्याचे दाखवले. पेशीवर खूण करून तिचा माग काढण्याची आजची पद्धत याच प्रयोगाच्या वाटेने आली असल्याने प्राधान्य कोनहाइम यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. रशियन जीवशास्त्रज्ञ ईल्या मेच्निकोव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसीना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती भटक्या पेशी जमलेल्या होत्या.

लसीका पेशी रक्तातून ग्रंथीत, तेथून लसीकेत आणि पुन्हा रक्तात फिरत राहतात, हे जेम्स गोवन्स यांनी ऑक्सफर्ड येथे १९५९ ते १९६४ या काळात उंदराहून मोठ्या घुशीसारख्या प्रयोगशाळेतील रॅटवर किरणोत्सर्गी खुणा वापरून सिद्ध केले.

मानवी पेशींचे यजमान : परकी पेशी उंदराचे शरीर नाकारते, ही मुख्य अडचण होती. मेल्विन व गेल बोस्मा यांनी १९८३ मध्ये फिलाडेल्फियात वर्णिलेल्या ‘स्किड’ उंदरांत टी व बी या प्रतिकार करणाऱ्या लसीका पेशी जवळजवळ नसतात. १९८८ मध्ये दोन गटांनी त्यांत मानवी प्रतिकार पेशी रुजवल्या : एकाने मानवी गर्भाच्या ऊती बसवून, दुसऱ्याने प्रौढांच्या रक्तातील पेशी टोचून. पुढे जपानमधील एनओजी (२००२) व अमेरिकेतील एनएसजी (२००५) या प्रतिकारशक्ती आणखी कमी असलेल्या उंदरांच्या वाणांत रोपण अधिक टिकू लागले. मानवी गर्भाच्या यकृताचे व थायमसचे (टी-पेशी जेथे परिपक्व होतात ती ग्रंथी) तुकडे आणि त्याच यकृतातील मूळ पेशी बसवलेल्या उंदराला ‘बीएलटी’ (अस्थिमज्जा, यकृत, थायमस यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे) म्हणतात.

जिवंत ऊतीत खोलवर पाहता येणाऱ्या द्वि-प्रकाशकण सूक्ष्मदर्शकाने २००२ पासून उंदराच्या ग्रंथीत टी-पेशी मिनिटाला सुमारे १० मायक्रोमीटर वेगाने सरकताना दिसू लागल्या. २०१२ मध्ये बीएलटी उंदरांत एचआयव्हीने बाधित मानवी टी-पेशी निरोगी पेशींपेक्षा मंद चालताना आढळल्या. काही एकमेकींत मिसळून लांबट झाल्या होत्या. ग्रंथीतून बाहेर पडण्याची वाट औषधाने सुरुवातीलाच रोखली, तेव्हा रक्तातील विषाणू बराच घटला. पेशी विषाणूची वाहक असते, याचा इतका स्पष्ट पुरावा परीक्षानळीतून मिळणे शक्य नव्हते.

मर्यादा : पेशी माणसाची असली तरी वाहिनीची भिंत व पेशीला बोलावणारे रासायनिक संकेत उंदराचेच राहतात. सीएक्ससीएल१२ हा प्रथिनरूपी संकेत दोन्ही प्रजातींत एका अमिनो आम्लाचा फरक सोडता सारखा आहे. उलट मानवी न्यूट्रोफिलांना (जखमेकडे आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी) ओढणाऱ्या सीएक्ससीएल८ या संकेताचे जनुक उंदरात नाहीच. एनओजी व एनएसजी वाणांत लसीका ग्रंथी नीट वाढत नाहीत, त्यामुळे ग्रंथीकडील प्रवासाचे निष्कर्ष जपून वाचावेत. प्रौढ रक्तपेशी टोचलेल्या उंदरांत त्या पेशी काही आठवड्यांतच यजमानावर उलटतात, म्हणून निरीक्षणाचा काळ थोडा मिळतो. मानवी त्वचेचा तुकडा उंदरावर कलम केल्यास त्यातील काही मानवी वाहिन्या टिकतात. त्वचेकडे जाणाऱ्या पेशींसाठी ही रचना अधिक विश्वासार्ह आहे.

झेब्रामाशाच्या पारदर्शक अळ्यांत न्यूट्रोफिल जखमेकडून परत फिरतानाही दिसतात, पण त्या पेशी माशाच्याच असतात.