‘चाकरमानी’ आणि गावाकडची चूल

2025 साली गणपतीच्या तोंडावर सरकारी कागदपत्रांत ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ लिहावे, असे निर्देश निघाले. चाकर म्हणजे नोकर, म्हणून हा शब्द कमीपणा आणणारा, असा आक्षेप त्यामागे होता. ज्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने उच्चारला गेला, तिथे मात्र हा आक्षेप पटण्यासारखा नाही. खरी अडचण वेगळीच आहे. गाव कधीही न सोडलेला माणूसही कोकणवासीयच, पण चाकरमानी तोच, ज्याची नोकरी मुंबईत आणि घर गावाला. नवा शब्द नेमके हे अंतर बुजवून टाकतो, आणि त्याबरोबर नवरा-बायको वर्षानुवर्षे दोन ठिकाणी राहूनही ही घरे का मोडली नाहीत, हा प्रश्नही बुजतो.

मुंबईत कापडगिरण्या निघाल्या तेव्हा एका पगारात तिथे बिऱ्हाड करणे बहुतेकांना परवडणारे नव्हते, आणि भाताच्या तुकड्यावर गावाकडचेही वर्ष निघत नसे. तेव्हा एकाने साचा सांभाळायचा आणि दुसरीने शेत, गुरे, सासू-सासरे. गाववाल्यांच्या सामाईक खोलीत पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत; मुंबईत वेगळी चूल मांडली जात नसल्यामुळे घर एकच राही. 1880 पासून टपालखात्याची मनिऑर्डर होती. तिच्या फॉर्मखालच्या बोटभर पट्टीवर मावेल तेवढाच निरोप येई: बियाणे घेणे, उधारी फेडणे, शिमग्याला येतो. पोस्टमन तो मोठ्याने वाची, अंगठा घेई, आणि नवरा-बायकोचे बोलणे असे सासूच्या देखत उरके. या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपात तर पारडे फिरले. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, कित्येक गावी परतले आणि बायकांनी पिकवलेल्या भातावर त्यांनी दिवस काढले. कमावता कोण, याबद्दलची जुनी समजूत त्या एका पावसाळ्यात बरीच सैल झाली असावी.

पुढे कोकण रेल्वे आली, मोबाइल आला. तरीही 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर 1,000 पुरुषांमागे 1,122 स्त्रिया नोंदल्या गेल्या. आता पैसे फोनवर येतात. पण लावणीला रजा मिळाली नाही, तर मजूर किती लावायचे आणि कोणाचे बैल सांगायचे, हे अजूनही गावी राहिलेली बायकोच ठरवते.