लोकलेखा समिती आणि विरोधकांकडची अध्यक्षपदाची खुर्ची

सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे जाणे आज सर्वांनीच गृहीत धरले आहे. राज्यघटनेत किंवा लोकसभेच्या कामकाज नियमांत मात्र तशी तरतूद नाही. हा केवळ संकेत आहे, आणि तोही बऱ्याच उशिरा रुजला.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये ही समिती प्रथम स्थापन झाली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील अर्थसदस्यच तिचे अध्यक्ष असत आणि समितीचे कार्यालयीन कामही अर्थखातेच सांभाळी. खर्चाला जबाबदार असलेल्यानेच खर्चाची झडती घ्यावी, असा तो प्रकार होता. १९५० मध्ये राज्यघटना लागू झाल्यावर समिती सभागृहाच्या अध्यक्षांच्या (स्पीकरच्या) नियंत्रणाखाली आली. पुढे १९५४ पासून राज्यसभेचे ७ सदस्य तिच्यात घेतले जाऊ लागले. लोकसभेचे १५ धरून समितीत २२ सदस्य असतात. त्यांची निवड दरवर्षी एकल संक्रमणीय मतपद्धतीने, म्हणजे उमेदवारांना पसंतिक्रम देऊन, होते, मंत्र्याला सदस्य होता येत नाही आणि अध्यक्ष कोण, हे लोकसभाध्यक्ष ठरवतात.

तरीही १९५० नंतरची पहिली सतरा वर्षे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच राहिले. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे बहुमत बरेच घटले आणि त्याच वर्षी स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी यांची नेमणूक झाली. एकेकाळी मुंबईचे महापौर राहिलेले मसानी तेव्हा राजकोटचे खासदार होते. पुढे अटलबिहारी वाजपेयी यांच्यासह अनेक विरोधी नेत्यांनी हे पद भूषवले.

समितीच्या कामाचा मुख्य आधार म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, म्हणजेच कॅगचे, संसदेत मांडले गेलेले अहवाल. त्यांतील आक्षेपांवर समिती खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावते. मंत्र्यांना सहसा नाही, कारण धोरण योग्य की अयोग्य हा तिचा विषय नसतो. शिवाय अहवालाला भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमत सदस्यांची वेगळी नोंद, जोडता येत नाही. त्यामुळे मसुद्यावर एकमत घडवून आणणे हेच अध्यक्षाचे खरे कसब ठरते, आणि माझ्या मते या पदाची ताकद व मर्यादा दोन्ही तिथेच दिसतात.

मोबाइल सेवेसाठीच्या ध्वनिलहरींच्या वाटपाच्या, म्हणजे टू-जी स्पेक्ट्रमच्या, प्रकरणात ते एकमत झाले नाही. २८ एप्रिल २०११ च्या बैठकीत अध्यक्ष, भाजपचे मुरली मनोहर जोशी यांचा मसुदा समितीतील ११ सदस्यांनी फेटाळला. जोशी बैठकीतून निघून गेल्यावर या सदस्यांनी काँग्रेसचे सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्ष निवडल्याचे जाहीर केले. वास्तविक नेमणुकीचा अधिकार लोकसभाध्यक्षांचा. जोशींनी तरीही अहवाल लोकसभाध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे पाठवला आणि त्यांनी तो परत केला. जोशी मात्र त्यानंतरही अध्यक्षपदी कायम राहिले.