संगणकाच्या एसएमपीएसपासून बेंच पॉवर सप्लाय

बाद झालेल्या डेस्कटॉपच्या एटीएक्स (डेस्कटॉपचा प्रचलित साचा) एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, टर्मिनल बसवून केलेला, टेबलावर वापरायचा डीसी वीजपुरवठा. एकाच डब्यातून 3.3, 5 आणि 12 व्होल्ट मिळतात. सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यामुळे नाशकात बाद संगणकांची वानवा नाही. भंगारवाल्यांकडे आणि संगणक दुरुस्तीच्या दुकानांत असे एसएमपीएस मिळतात.

घेताना कपॅसिटर फुगलेले नाहीत ना आणि पंखा मोकळा फिरतो ना, ते पाहावे. मागे 115/230चा लाल खटका असेल तर तो 230 वरच हवा. 115 वर ठेवून आपल्याकडच्या प्लगला लावल्यास आतले मोठे कपॅसिटर फुटतात. प्लग काढल्यावरही या कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास दाब उरू शकतो. झाकण उघडण्याआधी दहा मिनिटे थांबावे आणि मल्टीमीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नये.

वायरींचे रंग ठरलेले असतात : पिवळी 12, लाल 5, नारिंगी 3.3, निळी उणे 12 व्होल्ट, काळी ग्राउंड. जांभळीवर बंद अवस्थेतही 5 व्होल्ट असतात. हिरवी काळीला जोडली की सप्लाय चालू होतो, म्हणून या दोन वायरींमध्ये साधे स्विच घालतात. राखाडी वायरीवर एलईडी 330 ओहमच्या रोधातून लावला की आउटपुट ठीक असल्याचे कळते. तपकिरी वायर दिसली तर ती नारिंगीलाच जोडावी. ती 3.3 व्होल्टची सेन्स वायर, म्हणजे आउटपुटचा दाब सप्लायला कळवणारी वायर आहे. सुटी राहिली तर बरेच सप्लाय सुरू होऊन लगेच बंद पडतात.

डब्याला भोके पाडताना सर्किट बोर्ड बाहेर काढावा, कारण लोखंडाचा कीस आत राहिला तर शॉर्ट ठरलेला. एका टर्मिनलला एकाच रंगाच्या तीन-चार वायरी एकत्र झाळतात आणि उरलेल्यांची टोके स्लीव्हने (विद्युतरोधक नळीने) बंद करतात.

जुन्या सप्लायमध्ये 5 आणि 12 व्होल्टचे नियमन, म्हणजे दाब स्थिर ठेवणे, एकत्रच होते. फक्त 12 वर भार टाकला की 12 व्होल्टचा दाब घटतो आणि 5 व्होल्टचा वाढतो. 5 वर काहीच भार नसेल तर काही सप्लाय सुरूच होत नाहीत. त्यासाठी लाल-काळीमध्ये 10 ओहम, 10 वॉटचा सिमेंट रोध कायमचा लावतात. त्यातून अर्धा अँपिअर जातो, अडीच वॉट उष्णता होते, तेव्हा तो पंख्याच्या वाऱ्यात हवा. गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्बही चालतो. तो 5 व्होल्टवर सुमारे एक अँपिअर घेतो.

या सप्लायची खरी उणीव म्हणजे करंट लिमिट (प्रवाहावर आपण ठरवलेली मर्यादा) नसणे. आतले संरक्षण सप्लायला वाचवते, तुमच्या सर्किटला नाही. दहा-पंधरा अँपिअर हा त्याच्या लेखी नेहमीचा भार. बारीक वायर किंवा उलटा लावलेला आयसी (चिप) त्याआधीच जळून जातो. प्रत्येक टर्मिनलला 2 ते 5 अँपिअरचा फ्यूज घालणे स्वस्तात पडते.

काळे टर्मिनल डब्याला, म्हणजेच अर्थिंगला जोडलेले असते. त्यामुळे असे दोन सप्लाय मालिकेत जोडून 24 व्होल्ट काढता येत नाहीत. अर्थिंगमधून थेट शॉर्ट होतो. पिवळी आणि निळीच्या मध्ये 24 व्होल्ट मिळतात खरे, पण उणे 12 ची क्षमता बहुतेकदा एक अँपिअरच्याही आत असते. जुन्या नाशकातल्या वाड्यांत काही प्लगना अर्थिंग नसते. तिथे इनपुट फिल्टरच्या कपॅसिटरमुळे डबा मेनच्या, म्हणजे प्लगमधल्या विजेच्या, निम्म्या दाबावर तरंगतो आणि हाताला झिणझिण्या येतात. प्रवाह जेमतेम असतो, पण नाजूक आयसी बिघडवायला तेवढा पुरतो.